डॉक्टरांना इंग्रजीत दुखणं सांगताना… (तुमचे अनुभव लिहा)

जाईजुई
भाचा पुढच्या आठवड्यात शिकायला ब्रिटनमध्ये लीड्सला चाललाय. त्याच्या बॅगेत सुंठ, ओवा, क्रोसिन भरताना माझी जुनी निळी वही आठवली, माळ्यावरून काढली. शेवटच्या पानावर २००७ सालचं माझं अक्षर. मळमळ, हुडहुडी, कळ, चमक. समोर इंग्रजी शब्द, निम्मे खोडलेले.

तेव्हा आम्हाला तिथे जाऊन चारच महिने झाले होते. नवरा कामावर. सकाळपासून सणसणून ताप, दातावर दात आपटत होते, उजव्या कुशीत दुखत होतं. दवाखान्यात फोन लावला. (तिथे साध्या दवाखान्यालाही 'सर्जरी' म्हणतात, ते ऐकूनच धस्स झालेलं.) मी सांगितलं, 'आय अ‍ॅम सिक सिन्स मॉर्निंग, आय अ‍ॅम हॅविंग कोल्ड.' पलीकडच्या बाईंनी विचारलं, किती वेळा? मला प्रश्नच कळेना. तिथे 'सिक' झालं म्हणजे उलटी झाली, आणि 'कोल्ड' म्हणजे सर्दी. त्यांनी लिहून घेतलं सर्दी आणि उलट्या. पाणी घोटघोट प्या, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हॉस्पिटलात, किडनीला जंतुसंसर्ग झालेला. त्या बाईंवर राग नाही, त्यांनी ऐकलं तेच लिहिलं. पण 'थंडी वाजून ताप' एवढं सांगता आलं असतं तर एक रात्र वाचली असती. 'शिव्हरिंग' हा शब्द मला नंतर तिथल्या नर्सने दिला.

भाच्यासाठी वही नव्याने लिहितेय. तुमच्याकडचं सांगा, त्यात घालते.

उंबरठा
कणकण!! कणकणीला शब्दच नाही. 'फीव्हरिश' म्हटलं की लगेच थर्मामीटर लावतात आणि ताप नसतोच. ताप येणार आहे हे अंगाला आधी कळतं, ते कसं सांगणार.
कुकर लावलाय, परत येते.

विदर्भकन्या
आमची उन्हाळी लागते ती? 'बर्निंग' म्हणून भागतं, पण कारण त्यात येत नाही. आई 'उन्हाळी लागली' म्हणते तेव्हा पाणी कमी पडलंय हे त्यातच आलं.
आणि मुलाचा घोळणा फुटतो मे महिन्यात. नोझब्लीड. सोपा आहे हा.

पायवाट
लेक डॅलसमध्ये पहिलीत होती. शाळेच्या नर्सला म्हणाली, माझ्या पायात मुंग्या आल्यात, 'अँट्स'. नर्सने बूट-मोजे काढून नीट तपासले, बिचारीने वर्गातला कोपरासुद्धा बघितला. तिकडे 'माय फूट फेल अस्लीप' म्हणतात, पाय झोपला. मला दोन्ही आवडतात खरं तर.

सांगलीची सिस्टर
ड्यूटीवरून आल्ये, पटकन लिहिते. सध्या ओईटी, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय, परदेशात नर्सिंगला जायचं तर उपयोगी पडते. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटं, समोरचा पेशंट होतो. पुस्तकातले शब्द माझे पाठ आहेत. अडते ती तिथल्या आजीआजोबांच्या बोलीत. ते 'युरिन' म्हणत नाहीत, 'वॉटरवर्क्स'ला त्रास आहे म्हणतात! 'बॅक पॅसेज' म्हणजे गुदद्वार. 'ऑफ माय फूड' म्हणजे अन्नावरची वासना उडाली. म्हणजे संकोच त्यांनाही आहेच की, आपल्याकडच्या बायका 'अंगावर जातंय' म्हणतात तसाच.

उंबरठा
वॉटरवर्क्स 😄 मला वाटलं पाणीपुरवठा खातं.

जाईजुई
@सांगलीची सिस्टर, हे तिन्ही वहीत गेले. परीक्षेला खूप शुभेच्छा गं.

रानवारा
वडील ७४ वर्षांचे, न्यू जर्सीत जिन्यावरून पडले. नर्सने विचारलं, शून्य ते दहात दुखणं किती? बाबा म्हणाले, चार. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांच्या लेखी सहन होतंय म्हणजे चार, दहा म्हणजे माणूस शुद्धीवर नसणार. त्यामुळे आम्ही तीन तास बाकड्यावर. त्या चारचा मला अजून त्रास होतो. मी शेजारीच बसलो होतो, मला बोलायला हवं होतं.

पायवाट
अरे नको असं म्हणूस. आता कसे आहेत?

रानवारा
चालतात. काठी घेऊन, पण रोज दोन फेऱ्या.

तालुक्याचा डॉक्टर
दुसऱ्या बाजूने लिहितो. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीत, पेशंट मराठीत. पहिल्या महिन्यात एक आजी म्हणाल्या, पोटात गुबारा धरलाय, वर कळ मारतेय. मला शब्द माहीत नव्हते, आमच्या जुन्या सिस्टरांनी शिकवले.
ठणका, कळ, चमक, सल, आग, टोचणी ही नुसती वर्णनं नाहीत, त्यावरून आम्हाला निदानाची दिशा मिळते. गळू ठणकतं, मुतखड्याची कळ येते, नस दबली की चमक निघते. इंग्रजीत ठणक्याला थ्रॉबिंग, चमकेला शूटिंग, कळ येते-जाते तिला कॉलिक. १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक यांनी मॅकगिल विद्यापीठात दुखण्याच्या ७८ शब्दांची प्रश्नावली केली, ती याचसाठी. नुसता आकडा पुरत नाही. @रानवारा, तुमच्या बाबांना 'पाय टेकवता येतो का' विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, ते विचारणं त्यांचं काम होतं, तुमचं नाही.
भाच्याला चक्करचंही सांगा. घर गरगर फिरतं ती 'व्हर्टिगो'. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता पडेन असं होतं ते 'लाइटहेडेड'. दोन्हीची कारणं वेगळी असतात. नुसतं 'डिझी' म्हणून थांबू नको म्हणावं.

मधुमालती
रांजणवाडीला काय म्हणतात

विदर्भकन्या
स्टाय. आमच्याकडे आंजणी.

मधुमालती
थँक्यू. लवंग उगाळून लावू का

तालुक्याचा डॉक्टर
नको नको, डोळ्याजवळ लवंग नको! कोमट पाण्याचा शेक द्या. दोन-तीन दिवसांत उतरलं नाही तर दाखवा.

चहाटपरी
आपल्याकडे सगळं 'येतं' हे लक्षात आलंय का? ताप येतो, डोळे येतात, तोंड येतं, भोवळ येते, पोटरीत गोळा येतो. पाहुणेच जणू. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडे डोळ्यांची साथ होती तेव्हा आमच्या बंगळुरूच्या ऑफिसात 'पिंक आय' लिहून रजा टाकली होती.
पोटरीतल्या गोळ्याला अमेरिकेत 'चार्ली हॉर्स' म्हणतात. घोडा कुठून आला कोण जाणे.

उंबरठा
आले परत. सासूबाईंना तिथल्या डॉक्टरांनी 'स्टमक बग' सांगितलं, त्यांनी जंत समजून घेतलं आणि दोन दिवस एरंडेल शोधत होत्या. साधी पोटाची साथ होती. आणि 'लूज मोशन' तिकडे पटकन कळत नाही हां, 'डायरिया' म्हणा.

पायवाट
एक महत्त्वाचं. अमेरिकेत पॅरासिटामॉल मागितलं तर दुकानात गोंधळतात, तिकडे त्याचं नाव अ‍ॅसिटामिनोफेन. सर्दीच्या बऱ्याच तयार औषधांतही तेच असतं, वर वेगळी गोळी घेतली की डोस दुप्पट. मोठ्या माणसाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. भाचा ब्रिटनला जातोय म्हणजे त्याला पॅरासिटामॉलच मिळेल. पण ताप सेल्सिअसमध्ये सांगतील, ३८ म्हणजे आपला १००.४.

शांतादुर्गा
हे कधी कुठे लिहिलं नव्हतं. आई माझ्याकडे मेलबर्नला आली होती. मधुमेह जुना. रात्री म्हणाली, 'जीव घाबरा होतोय गं.' छातीत दुखत नव्हतं. हॉस्पिटलात मीच दुभाषी. मी म्हणाले, 'शी इज फीलिंग स्केअर्ड.' त्यांनी तिचा हात धरला, धीर दिला, थांबवलं. ती परत परत तेच म्हणत होती आणि मी परत परत तेच सांगत होते. पहाटे तिला दरदरून घाम फुटला तेव्हा ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. वाचली, पण हृदयाचा बराच भाग गेला.
घाबरली नव्हती ती. माझी आई कशालाच घाबरत नसे. 'जीव घाबरा' म्हणजे भीती नव्हे हे मला मराठीत माहीत होतं, तोंडातून इंग्रजी निघाली तेव्हा ते सुटून गेलं.

सांगलीची सिस्टर
ताई 🙏 मधुमेहात, त्यातून बायकांत, छातीत न दुखताही येतो अटॅक. आमच्या वॉर्डात 'घाबरल्यासारखं होतंय' म्हटलं की आधी ईसीजी.

तालुक्याचा डॉक्टर
तुम्ही लिहिलंत, फार उपयोगाचं आहे. धाप लागतेय का, घाम आलाय का, मळमळतंय का, एवढं इंग्रजीत सांगता आलं तरी पुढचं सुरू होतं. ऑस्ट्रेलियात १३१ ४५० वर दुभाषी मागता येतो. घरच्या माणसाने अशा वेळी दुभाषी होऊ नये, त्याचाही जीव टांगणीला असतो.

शांतादुर्गा
हो. नंतर प्रत्येक वेळी मागितला. आधी हिंदीचा देतात, मराठीच हवा म्हणून सांगायचं.

जाईजुई
@शांतादुर्गा, काय लिहू. वहीत पहिल्या पानावर 'जीव घाबरा होणे' लिहिलं, समोर इंग्रजी एक शब्द नाही, डॉक्टरांची ती तीन वाक्यं लिहिली. भाच्याला संध्याकाळी वाचून दाखवणार आहे.

मधुमालती
शेक दिला, बरं वाटतंय डोळ्याला

चहाटपरी
मेतकूट देताय का भाच्याला? डब्यात नको, दोन पिशव्यांत बांधा. माझं सांडलं होतं, सगळे शर्ट पिवळे.

जाईजुई
आत्ताच डब्यात भरलं होतं! काढते.