कोब्यावर सागवानी फळ्यांची जमीन: एप्रिलमध्ये काम काढू का?

मूलकर
गाव मूल तालुक्यात (चंद्रपूर), काळी माती, जोतं दीड फूट. १२ × १४ ची खोली, खाली जुना सिमेंटचा कोबा. जुन्या घराचा माळा उतरवला, त्याच्या सागवानी फळ्या आहेत: २४ नग, ८ फूट लांब, ९ इंच रुंद, सव्वा इंच जाड. सुतार म्हणतो, आहे त्या रुंदीतच कोब्यावर ठोकून देतो, खालून जळकं ऑइल मारलं की उधई येत नाही. खोलीत उन्हाळाभर कूलर चालतो. एप्रिलमध्ये मोकळा आहे तो. काम काढू का? माल पुरेल का?

पटाशी_रंधा
एप्रिलमध्ये नको भाऊ. आपल्याकडे लाकडी जमीन बिघडते ती या महिन्याच्या घोळातच. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की उघडं लाकूड ५-६ टक्के ओलीवर येतं, आणि ऑगस्टमध्ये तेच १५ च्या पुढे जातं. सागवान बाकी लाकडांपेक्षा कमी हलतं, पण हलतं. उभी चिरलेली फळी (टोकाला रेषा उभ्या दिसतात ती) असेल तर ओल १ टक्का वाढली की रुंदीत अंदाजे ०.१ टक्का फुगते, आडव्या चिरीची (रेषा आडव्या) ०.२ टक्का. एप्रिलमध्ये फळी फळीला चिकटवून ठोकली तर पावसाळ्यात फुगायला जागाच राहत नाही, आणि मधली जमीन उचलते. उलट ऑगस्टमध्ये ठोकली तर मे मध्ये फटीत नाणं जाईल. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात, लाकूड १०-११ टक्क्यांवर असताना बसवा. म्हणजे दोन्हीकडे सारखीच हालचाल राहते.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर फळीच्या मधून (टोकाचा नको, टोक लवकर वाळतं) तुकडा कापा, सोनाराच्या काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. आधी १११ ग्रॅम आणि नंतर १०० भरला तर ओल ११ टक्के.

९ इंच रुंद फळी तशीच ठोकू नका. पावसाळ्यात ती वाटीसारखी वळते आणि खिळे उपसते. आरा मशीनवर प्रत्येकीच्या तीन पट्ट्या करा. करवतीची चीर, रंधा आणि टंग-ग्रूव्ह (एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला ती बसायची खाच) वजा जाता एका पट्टीचा वर दिसणारा भाग ६२ मिमीच्या आसपास उरतो. तुमच्या फळ्या १४४ चौरस फूट आहेत, त्यातून असे ११७ निघतील. खिळ्यांची भोकं आणि फुटलेली टोकं काढली की १०५. खोली १६८ ची. म्हणजे माल पुरत नाही, ६३ चौरस फूट कमी पडतो. त्यासाठी एक इंची चिरलेलं सागवान ८ घनफूट धरा. आलापल्ली-बल्लारशाच्या सरकारी लाकूड लिलावात ओंडक्यांचे लॉट असतात, एवढ्याशा मालासाठी तिकडे जायचं कारण नाही. परवानाधारक आरा मशीनवरून घ्या, बिल आणि वाहतूक पास हातात घेऊनच गाडी हलवा. कडेचा पांढरा भाग असलेली फळी घेऊ नका, कीड आधी तिथेच शिरते. नवा माल तुमच्या जुन्या मालाइतका वाळलेला नसतो. तो आत्ताच आणून खोलीतच, मध्ये एकेक इंचाच्या पट्ट्या घालून, थप्पी लावून ठेवा.

चिरायच्या आधी जुने खिळे शोधून काढा. सागवानात मुळात वाळूसारखा अंश असतो, साधं पातं त्यानेच बोथट होतं. कार्बाइडच्या दातांचं पातं लावायला सांगा, आणि तोंडाला फडकं बांधा.

कोबा_ते_कौल
वरचं सगळं बरोबर, पण कोबा आधी तपासा. जुन्या घरांत जोत्यात ओलरोधक थर बहुतेक नसतो. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा, २४ तासांनी उचला. खाली घाम किंवा काळा डाग दिसला तर ओल वर येते आहे. हे पावसाळ्यात करा, मे मध्ये कोणताही कोबा पास होतो. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, त्यामुळे कोब्याला भेगा असतीलच. त्या भरा, आणि ॲल्युमिनियमची सहा फुटी पट्टी फिरवून ३ मिमीपेक्षा जास्त खड्डा असेल तिथे सिमेंटने समतल करा. नवा थर घातलात तर त्याच्या जाडीच्या दर मिलिमीटरला निदान एक दिवस वाळू द्या.

त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोडाला ८ इंच चढवून टेप, भिंतीवर ३ इंच वळवलेलं. त्यावर २ × १ इंची सागवानी पट्ट्या आडव्या पाडून, एक-एक फुटावर. १२ फुटांच्या १५ लागतील. फळ्या १४ फुटांच्या दिशेने टाका, म्हणजे फुगणं १२ फुटांवरच येतं. ३ टक्के ओल वाढली तर एवढ्या रुंदीत २२ मिमी होतात, म्हणून दोन्ही भिंतींशी १२-१२ मिमी जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकते. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नाही. दीड इंची खिळे जिभेतून तिरपे, आधी बारीक भोक पाडून. साधारण ९०० लागतील. शेजारच्या ओळींचे जोड किमान ६ इंच पुढेमागे हवेत.

आणि दार बघा! जमीन पावणेदोन इंच वर येते (खालची पट्टी एक इंच, वरची रंधलेली फळी पाऊण इंच). आत उघडणारं दार तासावं लागेल.

पटाशी_रंधा
फळ्यांखालच्या आडव्या पट्ट्यांऐवजी १२ मिमीचा वॉटरप्रूफ प्लाय बरा, ६ शीट लागतात. पट्ट्यांखालच्या पोकळीत उधई फिरते आणि वर्षभर कळत नाही. खिळे मात्र सव्वा इंचाचे घ्या.

कोबा_ते_कौल
कोबा कोरडा असेल तर प्लाय चालेल. प्लास्टिक टेस्टमध्ये डाग आला तर पट्ट्याच, आणि स्कर्टिंगमध्ये वाऱ्याला फटी.

शेतीऔषधं
जळकं ऑइल घरात नकोच. वास जात नाही, वरून पॉलिश धरत नाही, आणि उधई मातीतून येते, तिला त्याने फरक पडत नाही. बंदोबस्त जमिनीत करायचा, आणि प्लास्टिक अंथरायच्या आधीच. भिंत आणि कोबा जिथे मिळतात तिथे एक-एक फुटावर १२ मिमीची भोकं, प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण, मग सिमेंटने बंद. तुमच्या खोलीचा घेर ५२ फूट, म्हणजे ५२ लिटर. उधईचं औषध इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी लिटरला २.१ मिली, एकूण ११० मिली. कापसावर मारतो ते १७.८ एसएल असतं, त्याचं माप इथे लावू नका. हातमोजे घाला. भिंतीला लागून विहीर किंवा बोअर असेल तर आधी जाणकाराला दाखवा.

मूलकर
धन्यवाद. दिवाळीनंतरच काढतो. वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) की तेल? आणि कूलर बंदच करावा लागेल का?

तेलपाणी
कूलर चालू द्या, पण खिडकीबाहेर, आणि समोरची खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत कूलर म्हणजे भर मे मध्ये पावसाळा. कूलरच्या तोंडाखाली थेंब पडतात तिथे रोज बघा, पहिली फळी तिथेच काळी पडते.

पीयू टिकाऊ, पण सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून घासून झाल्यावर थिनरच्या फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी पहिला हात द्या. नाहीतर पापुद्रे निघतात. घासायला ६०, मग ८०, मग १२० चा पेपर. तीन हात, मधे २२० ने हलकं घासून. मात्र ओरखडा पडला तर सगळी खोली घासावी लागते. शेताची माती पायाला लागून घरात येणार असेल तर मला जवसाचं तेल बरं वाटतं: डाग पडला तेवढाच तुकडा घासून पुन्हा तेल देता येतं. घाण्याचं कच्चं तेल कित्येक दिवस चिकट राहतं, पेंटच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' घ्या. पातळ हात, २० मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी दुसरा.

त्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेतात. नोव्हेंबरात शेजारच्या खोलीत कापूस भरलेला असतो हे ध्यानात ठेवा. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

रोज कोरडा झाडू, पुसायचं तर घट्ट पिळलेलं फडकं, फिनाइल नको. खाटेच्या पायांना फेल्ट लावा. पावसाळ्यात कडा उचललेल्या दिसल्या तर लगेच घासायला घेऊ नका. डिसेंबरपर्यंत बहुतेक आपोआप बसतात, आणि ओल्या असताना घासलेली फळी वाळल्यावर मधोमध फुगीर दिसते.