गुलामगिरीतून सुटलेल्यांची आत्मचरित्रं: पेपर म्हणजे अलंकारांची जंत्री होतेय

मुठाकाठ, पुणे
एमएचा पेपर आहे, मर्यादा २,००० शब्द. अमेरिकेतल्या फ्रेडरिक डग्लस (१८४५) आणि हॅरिएट जेकब्स (१८६१) यांची आत्मचरित्रं घेतली आहेत. उपमा, रूपकं, प्रतिमा शोधून झाल्या, पण त्यातून मुद्दा उभा राहत नाही. काय करावं?

पेठेतला वाचक
आधी हे ठरवा, की लेखकाला कोणाला काय पटवायचं होतं. गुलाम माणूस असं लिहूच शकत नाही, असं मानणारे गोरे वाचक डग्लससमोर होते. म्हणून मुखपृष्ठावर ‘स्वतः लिहिलेले’ आणि सुरुवातीला गॅरिसन, फिलिप्स या गुलामीविरोधी गोऱ्यांची ग्वाही. तीही संहितेचाच भाग धरा. बहुतेक पेपर इथेच चुकतात. मग पहिलंच पान बघा. आत्मचरित्र जन्मतारखेने सुरू व्हायचं, तर याला स्वतःचं वयच नक्की माहीत नाही. ती रिकामी जागाच बोलते.

दहावं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं. माणसाचा गुलाम कसा झाला ते पाहिलंत, आता गुलामाचा माणूस कसा झाला ते पाहाल, हे उलटसुलट वाक्य गुलामांना मारून वठणीवर आणणाऱ्या कोव्हीशी झालेल्या मारामारीच्या ऐन तोंडावर येतं. त्याआधी तो चेसापीक उपसागरातल्या जहाजांना उद्देशून बोलतो, तिथे एरवीचं संयत गद्य एकदम प्रार्थनेसारखं होतं. या दोनच जागा घ्या. उतारा दोन ओळींचा, विवेचन पानभर.

तळटीप
जेकब्सला हीच फूटपट्टी लावू नका. तिचे वाचक म्हणजे उत्तरेतल्या गोऱ्या बायका, म्हणून ती भावुक कादंबरीचा साचा घेते, वाचकाला थेट हाक मारते आणि शेवटी साचा मोडते: गोष्ट लग्नाने नाही, स्वातंत्र्याने संपते. जवळपास सात वर्षं ती ज्या माळ्यावर लपली, त्याची मापं देते: नऊ फूट लांब, सात फूट रुंद, जास्तीत जास्त उंची तीन फूट. नुसते आकडे, पण वाचताना श्वास कोंडतो.

स्वतःसाठी लिंडा ब्रेंट, छळणाऱ्या मालकासाठी डॉ. फ्लिंट अशी नावं बदललेली आहेत म्हणून तिच्या पुस्तकाला कादंबरी म्हणू नका. तो गैरसमज फार काळ टिकला. जीन फॅगन येलिन यांनी संपादित केलेली १९८७ ची आवृत्ती वापरा.

पेठेतला वाचक
मौनावरही एक परिच्छेद हवाच. डग्लस १८३८ मध्ये पळाला, पण कसा ते १८४५ मध्ये सांगत नाही. सांगितलं असतं तर मदत करणारे अडकले असते आणि मागच्यांची वाट बंद झाली असती. तपशील त्याने १८८१ च्या आत्मचरित्रात दिला.

मुठाकाठ, पुणे
फुल्यांची ‘गुलामगिरी’ जोडू का?

तळटीप
१८७३ ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना आहे, तेवढा धागा पक्का. पण पुस्तक जोतीराव-धोंडिबा संवादाचं आहे, आत्मचरित्र नव्हे. प्रस्तावनेत चार ओळी पुरेत.