शाळेतल्या संगीत शिक्षकाने बाहेर गावे का?

चर्चेची मांडणी : मराठीची शिक्षिका, अमळनेर तालुका

गेल्या महिन्यात आमच्या शिक्षकखोलीत रजेच्या एका साध्या अर्जावरून वाद झाला. त्या वेळी मी जे बोलले ते इथे सविस्तर मांडते. आमच्या संगीत शिक्षकांना धुळ्याच्या एका मंडळाने गुरुवारी सायंकाळी गायनासाठी बोलावले होते आणि त्यासाठी त्यांनी दुपारनंतरची अर्धी रजा मागितली होती. संस्थेने अर्ज नाकारला. नाकारताना तोंडी असे सांगितले, की आम्ही तुम्हाला शिकवण्यासाठी नेमले आहे, गायचे असेल तर नोकरी सोडून गा. सरांनी उलट उत्तर दिले नाही. कार्यक्रम मात्र रद्द केला.

व्यासपीठावरचे गाणे हे संगीत शिक्षकाच्या नोकरीबाहेरचे काम नाही, ते त्याच्या विषयाचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा देऊन हा माणूस आमच्याकडे आला आणि त्यातल्या विशारदच्या परीक्षेत मंचप्रदर्शनालाही गुण असतात. ज्या पात्रतेवर आपण त्याची नेमणूक केली, तिच्यात लोकांसमोर गाणे धरलेलेच आहे. नेमणुकीनंतर तेच गाणे गैरहजेरीच्या रकान्यात कसे जाते, हे मला समजत नाही.

दोन वर्षांपूर्वी सर जळगावला गाऊन आले, तेव्हा सातवीच्या मुलांनी त्यांना कार्यक्रम कसा झाला ते विचारले. सरांनी खरे ते सांगितले. मध्यलयीच्या बंदिशीत एक तान लांबली आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकली, तबलजींनी ठेका सरळ धरून ठेवला म्हणून पुढच्या आवर्तनात मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) पकडता आला. मग त्यांनी मुलांकडून टाळ्या-खालीसह तीनतालाच्या सोळा मात्रा मोजून घेतल्या आणि तीच चूक वर्गात पुन्हा करून दाखवली. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात समूहगीत चालू असताना वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला आणि आम्ही शिक्षक इकडेतिकडे धावू लागलो, पण मुलांनी टाळीवर लय धरली आणि गीत शेवटच्या कडव्यापर्यंत नेले. मी विंगेत उभी होते. मंचावर गाणे तुटते आणि पुन्हा जोडताही येते, हे त्या मुलांना माहीत होते, कारण त्यांच्या शिक्षकाचे गाणे नुकतेच तुटले होते आणि ते त्याने लपवले नव्हते.

आपल्या संगीत शिक्षणाचा पायाही गाणाऱ्या माणसांनीच घातला आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा ते स्वतः मैफली गाजवणारे गायक होते. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन गंधर्व नाटक मंडळीत गायक नट होते आणि १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात विद्यालय सुरू केले. जळगावात दर वर्षी बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो आणि आपण सगळे तो अभिमानाने ऐकायला जातो. त्या मंचावर आपल्या तालुक्यातला एखादा शिक्षक का दिसू नये?

नियमांचे म्हणाल, तर शासकीय कर्मचाऱ्यांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियमसुद्धा, कर्तव्यात बाधा येत नसेल तर, प्रसंगोपात्त स्वरूपाचे साहित्यिक किंवा कलाविषयक काम करू देतात. आमच्यासारख्या अनुदानित खाजगी शाळांना १९८१ ची सेवाशर्तींची नियमावली लागू आहे आणि दुसरी नोकरी किंवा धंदा करायचा तर व्यवस्थापनाची परवानगी लागते, हे मला मान्य आहे. परंतु परवानगी लागते याचा अर्थ ती नाकारलीच पाहिजे असा होत नाही. प्रत्येक संस्थेने संगीत शिक्षकाला वर्षातून सहा दिवस कार्यक्रमासाठी कर्तव्यरजा द्यावी आणि शिक्षकाने त्या बदल्यात वर्षातून एकदा आपला पूर्ण रियाज मुलांसमोर करावा, असे मी सुचवते. या विषयातल्या माणसांनी मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, धुळे

मॅडम, आपली तळमळ मला पटते, पण आपली सूचना पटत नाही. मी बावीस वर्षे वेळापत्रक केले आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

मोठ्या शाळेतही संगीताचा शिक्षक एकच असतो. तुकडीला आठवड्यातून संगीताची एक तासिका मिळते, तीही ३५ मिनिटांची. गणिताचे सर रजेवर गेले तर दुसरे सर तास घेतात. संगीताचे सर गेले तर त्या तासाला मुलांना गृहपाठ करायला बसवावे लागते. म्हणजे गुरुवारी सर धुळ्याला गेले की गुरुवारच्या तुकडीला सलग दोन आठवडे गाणे नाही. वर्षाला सहा दिवस हे तुमच्या हिशेबात थोडे आहेत, परंतु त्यातले तीन गुरुवार निघाले तर त्या एका तुकडीचे किती गेले ते मोजून पाहावे.

दुसरी अडचण हंगामाची आहे. आपल्याकडे मैफली, महोत्सव आणि शाळांची स्नेहसंमेलने हे सगळे डिसेंबर-जानेवारीत येते. ज्या आठवड्यात शाळेला संगीत शिक्षकाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच आठवड्यात त्यांना बाहेरून बोलावणे येते. लग्नसराई उन्हाळ्याच्या सुटीत असते, तेव्हा त्यांनी कुठेही गावे, कोणाची हरकत नाही. परंतु रात्री एक वाजता कार्यक्रम संपवून पहाटे घरी आलेला माणूस सकाळच्या सत्रात सातला परिपाठाला उभा राहतो, तेव्हा त्याचा आवाज बसलेला असतो आणि मुलांची प्रार्थना पेटीवर नुसती रेटली जाते. हे मी पाहिले आहे.

‘नोकरी सोडून गा’ हे उद्गार मात्र कोणत्याही शिक्षकाला ऐकवण्यासारखे नाहीत. त्या एका बाबतीत मी आपल्या बाजूने आहे.

प्रतिसाद : अंशकालीन निदेशक, पारोळा तालुका

वरच्या दोन्ही लेखांत ज्या रजेवर वाद आहे, ती रजा मला मुळात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तर, कला शिक्षणाला अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारा) द्यावा असे लिहिले आहे. मी त्या ‘अंशकालीन’ शब्दात जगतो. नव्या पूर्णवेळ पदाला संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या यादीत, जागा सापडत नाही आणि मिळणाऱ्या मानधनात घरभाडे आणि किराणा यांपैकी एकच काहीतरी भागते.

म्हणून मी बाहेर वाजवतो. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीचे जागरण, भाद्रपदात गणपती, मग नवरात्र, पुढे सप्ताहातली भजने आणि उन्हाळ्यात हळदीचे कार्यक्रम, असे माझे वर्ष आहे. ख्याल गायला गेलो तर मला ‘कलाकार’ म्हणतात. हळदीत अहिराणी गाणी म्हटली तर शाळेत कुजबुज होते, की सर ऑर्केस्ट्रात जातात. बिदागी दोन्हीकडून घेतो आणि दोन्हीकडे सुरातच गातो. हळदीत तर पट्टी (गाण्याचा आधारस्वर) नवरीच्या मावशा ठरवतात आणि मला ती ऐन वेळी पेटीवर शोधावी लागते. ऐकून स्वर ओळखायला मी तिथे शिकलो, आणि तेच मुलांना शिकवतो.

मुख्याध्यापक सर, थकून आलेल्या शिक्षकाबद्दल आपण लिहिले ते खरे आहे. पण तो रात्री एकपर्यंत का गात होता, हेही विचारले जावे.

प्रतिसाद : निवृत्त संगीत शिक्षिका, जळगाव

मी आकाशवाणीवर कलाकारांच्या बी हाय या श्रेणीपर्यंत गायले आणि एकतीस वर्षे शाळेत शिकवले. मूळ मांडणीला माझा विरोध आहे, आणि तो वेळापत्रकासाठी नाही.

उत्तम गाणारा उत्तम शिकवतोच, हे गृहीत धरूनच आपण हे सगळे बोलत आहोत. मी उलटेही पुष्कळ पाहिले आहे. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणारे शिक्षक त्याच पट्टीत समूहगीत बसवतात, आणि मुले एकतर खाली घोगरी होतात किंवा वर ताणून ओरडतात. मग स्नेहसंमेलनाच्या दिवशी निम्म्या वर्गाचा घसा बसतो. तीच चाल मुलांच्या गळ्याला मानवेल अशा पट्टीत उचलून दिली, तर मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा सुरात येतो. बारा-तेराव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटू लागतो. त्या वर्ष-दीड वर्षात त्यांना गप्प बसवायचे नसते आणि ताणायचेही नसते, थोडक्या स्वरांत खेळवत ठेवायचे असते. ज्या मुलाला त्या वयात ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते, तो पुढे आयुष्यभर गात नाही. ही विद्या कोणत्याही मैफलीत मिळत नाही. मला ती वर्गात, चुका करून, दहा-बारा वर्षांनी आली, आणि त्या चुका ज्या मुलांवर झाल्या त्यांची मला आजही रुखरुख आहे.

पलुसकरांचे उदाहरण आपण दिले आहे, त्याची दुसरी बाजूही पाहावी. मुंबईतल्या विद्यालयाच्या इमारतीसाठी त्यांनी कर्ज काढले, ते फेडण्यासाठी त्यांना मैफली करत हिंडावे लागले आणि तरीही शेवटी ती इमारत हातची गेली. गाणे आणि विद्यालय एकाच माणसाच्या गळ्यावर टाकले की काय होते, ते तिथे दिसते.

मी स्वतः चाळिशीत कार्यक्रम कमी केले. कोणी सांगितले नव्हते. संध्याकाळचा रियाज मात्र सोडला नाही. शिक्षकाने गात राहिले पाहिजे हे मला मान्य आहे. लोकांसमोर गातो म्हणून तो वरचा, आणि घरी गातो म्हणून तो खालचा, ही मोजणी मला मान्य नाही. कर्तव्यरजा आली की पाठोपाठ ती मोजणी येईल.

प्रतिसाद : पालक, भुसावळ

एक मुद्दा अजून आलेला नाही. दहावीला शास्त्रीय संगीत आणि लोककला यांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे परीक्षांच्या शिकवण्या वाढल्या आहेत. शाळेतलेच सर बाहेर वर्ग घेतात, आणि त्या वर्गातल्या मुलांना आपल्या कार्यक्रमात कोरससाठी नेतात. माझी मुलगी आठवीत असताना रात्री बारापर्यंत अशा एका कार्यक्रमात बसली होती. बिदागी सरांना मिळाली, मुलीला वडापाव मिळाला. सरांच्या गाण्याला माझी हरकत नाही, परंतु ‘नाही’ म्हटले तर शाळेत काय होईल, या भीतीने आम्ही तिला पाठवले होते.

प्रतिसाद : आश्रमशाळेतील शिक्षक, अक्कलकुवा तालुका

आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य आणि ढोल वाजवणारी माणसे इथल्या पाड्यापाड्यांत आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे विशारदचे प्रमाणपत्र नाही, म्हणून कोणी शाळेत संगीत शिकवू शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंतांना शाळेत शिकवण्यासाठी बोलवावे असे म्हटले आहे. आपण शिक्षकाला मंचावर जाऊ द्यायचे का, यावर बोलतो आहोत. मंचावरच्या माणसाला वर्गात येऊ द्यायचे का, हेही याच धाग्यात बोलावे, कारण एका बाजूचे दार लावलेले असताना दुसऱ्या बाजूचे उघडले तर संगीताची नोकरी फक्त कागद असलेल्यांची राहील.

उत्तर : मूळ मांडणी करणारी शिक्षिका

सर्वांनी मनापासून लिहिले, त्यामुळे मला माझी सूचना बदलावी लागत आहे.

मुख्याध्यापक सरांचा तीन गुरुवारांचा हिशेब मी आमच्या वेळापत्रकावर मांडून पाहिला. तो बरोबर आहे. यापुढे मी कर्तव्यरजा म्हणणार नाही, तासिकांची अदलाबदल म्हणेन : कार्यक्रमाच्या दिवशी भाषेचा किंवा समाजशास्त्राचा शिक्षक तो तास घेईल आणि संगीत शिक्षक त्याच आठवड्यात त्या शिक्षकाच्या तासाला त्याच तुकडीला गाणे शिकवेल. एकाही तुकडीची तासिका बुडणार नाही. स्नेहसंमेलनाच्या आधीचे दोन आठवडे यातून वगळावेत. भुसावळच्या पालकांनी लिहिले ते वाचून मला वाईट वाटले. शाळेतल्या विद्यार्थ्याला शिक्षकाच्या मानधनी कार्यक्रमात नेता येणार नाही, ही अट मी पहिल्या क्रमांकावर घालीन.

पारोळ्याच्या भाऊंना माझ्या सूचनेत काही मिळत नाही, हे मान्य करते. पद पूर्णवेळ होत नाही तोवर त्यांच्यासाठी परवानगीचा प्रश्नच उरत नाही, आणि त्यांच्या अर्धवेळ मानधनावर त्यांची रात्रही आपली आहे असे कोणत्याही संस्थेने समजू नये. अक्कलकुव्याच्या सरांचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता.

जळगावच्या बाईंशी मात्र माझा मतभेद कायम आहे. मुलांच्या गळ्याची विद्या वर्गातच मिळते, हे त्यांचे म्हणणे मी शिरोधार्य मानते. पण त्यांनी कार्यक्रम स्वतःहून कमी केले. आमच्या सरांना तो निर्णय घेऊ दिला गेला नाही. बाई, आपण चाळिशीत थांबलात तेव्हा आपल्यामागे वीस वर्षांचे गाणे होते. आमचे सर एकतीस वर्षांचे आहेत.

प्रतिसाद : निवृत्त संगीत शिक्षिका, जळगाव

हे मला मान्य करावे लागेल. एकतिसाव्या वर्षी मला कोणी थांबवले असते तर मी शाळा सोडली असती.

प्रतिसाद : निवृत्त मुख्याध्यापक, धुळे

अदलाबदल चालेल, परंतु ती तोंडी नको. बदली तासिकांची वही ठेवावी, दोन्ही शिक्षकांनी त्याच दिवशी सही करावी आणि महिन्याअखेर मुख्याध्यापकांनी ती तपासावी. वही नसली की दोन महिन्यांत संगीताचा तास परत द्यायचा राहून जातो, आणि तो मागायला कोणी येत नाही.

उत्तर : मूळ मांडणी करणारी शिक्षिका

वही मी ठेवते. शनिवारच्या शाळा समितीच्या सभेसाठी या अटींसह नवा अर्ज तयार केला आहे. बदली शिक्षक म्हणून त्यावर पहिली सही माझी आहे, कारण सहावी ‘ब’ चा गुरुवारचा संगीताचा तास आणि माझा मंगळवारचा मराठीचा तास सहज बदलता येतात.