"कापड मारते" असं कोणी पसरवलं तर काय करायचं?

शिलाईवाली, नंदनवन

नमस्कार. मी नागपूरला नंदनवनात घरीच ब्लाउज शिवते, १९ वर्षं झाली. कापड आलं की गिऱ्हाइकासमोर मोजते, वहीत लिहिते. शिवून झालं की उरलेल्या कापडाची पुरचुंडी बांधते, नावाची चिठ्ठी टाचते आणि ब्लाउजच्याच पिशवीत टाकते. बोटभर काठ उरला तरी परत देते. सासूबाईंनी लावलेली सवय आहे, दुसऱ्याची चिंधीसुद्धा घरात राहू द्यायची नाही.

पोळ्यानंतर आमच्याच भागातल्या एका भिशीत एक ताई म्हणाल्या, "ती कापड मारते. माझ्या पैठणीचा काठ ठेवून घेतला." मला हे महिन्याभराने कळलं, तेही दूध घालणाऱ्या बाईकडून. दरवर्षी नवरात्राच्या तोंडावर खुंट्यांवर ४०-४२ पिशव्या लटकत असतात. यंदा ११ आहेत. भांडायला कोणी आलं नाही, विचारायलाही नाही. लोक नुसते येऊन नाही राहिले. समोरच्या काकूंच्या तिन्ही सुनांचे ब्लाउज मीच शिवते. परवा त्या हातात पिशवी घेऊन, मान खाली घालून पुढच्या गल्लीतल्या टेलरकडे गेल्या. मी मशीनवर बसून पाहत होते.

आता मी कोणाला काय सांगू? दारोदार जाऊन "मी चोर नाही" म्हणू का? पोलिसांत जाऊ? आणि याला निंदा म्हणायचं की बदनामी?

महालकर

ताई, मनाला लावून घेऊ नका. निंदकाचे घर असावे शेजारी म्हणतात. काम चोख असलं की गिऱ्हाईक फिरून येतंच.

शिलाईवाली, नंदनवन

भाऊ, तुम्ही धीर देऊन राहिले ते समजतं. पण निंदक वेगळा. बाही मुंढ्यात ओढते, गळा उघडा पडतो, असं कोणी चारचौघीत बोललं तर मला झोंबेल, पण मी उसवून परत शिवीन. जे झालंच नाही ते कुठून उसवू? आणि काम चोख आहे हे दिसायला कापड आधी माझ्या हातात यायला पाहिजे ना.

निवृत्त कारकून, धरमपेठ

मी वकील नाही. कोर्टात कारकुनी केली, त्यात अशी प्रकरणं बरीच हाताखालून गेली.

इंग्लंडच्या कायद्यात तोंडी बदनामी वेगळी आणि लेखी वेगळी. आपल्या फौजदारी कायद्यात तसा भेद नाही. बोललेलं, लिहिलेलं, खुणेने सुचवलेलं, सगळं एकाच कलमात येतं. आधी ते भादंवि (भारतीय दंड विधान) ४९९ आणि ५०० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात सामुदायिक सेवेचीही सोय आहे. बोलल्याबद्दल तुरुंग कशाला, असा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. २०१६ मध्ये कोर्टाने हा कायदा कायम ठेवला.

तुमच्या कामाचं म्हणजे, माणसाच्या पेशाच्या अब्रूचा उल्लेख कलमात वेगळा आहे. मात्र बोलणं तिसऱ्याच्या कानावर गेलेलं हवं. तुम्हाला एकटीला गाठून कोणी चोर म्हटलं तर ती अब्रुनुकसानी होत नाही. गोष्ट खरी असेल आणि लोकांच्या भल्यासाठी सांगितली असेल तर गुन्हा नाही. पोलीस अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करता येत नाही असा गुन्हा, म्हणून नोंद घेतील, पुढे मॅजिस्ट्रेटकडे तक्रार तुम्हालाच करावी लागेल. भरपाईचा दिवाणी दावा १ वर्षाच्या आत.

आजच वही घ्या. तारीख, कोणाचं घर, कोणी ऐकलं, नेमके शब्द. "मला चोर ठरवलं" असं नका लिहू, "कापड मारते" हेच लिहा. साक्षीदार पिंजऱ्यात येऊन "असंच काहीतरी म्हणाल्या होत्या" म्हणतो आणि प्रकरण तिथेच पडतं, हे मी किती वेळा पाहिलं आहे.

पण बाई, त्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन या.

मानेवाडा, गृहिणी

तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या भिशीत एका डबेवाल्या ताईंबद्दल कोणी म्हणालं, त्या हॉटेलचं उरलेलं तेल आणून वापरतात. मी नुसतं "हो का? बाप्पा!" म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मुलाचा डबा बंद केला. त्यांना कारणही सांगितलं नाही. मुलगा दीड वर्ष तोच डबा खात होता, एकदाही पोट बिघडलं नव्हतं त्याचं. ते मला त्या दिवशी आठवलंच नाही.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला बडगे, म्हणजे मोठे पुतळे, काढतात, मोठमोठ्यांचे दोष भर रस्त्यात ओरडून सांगतात. तिथे सगळं सगळ्यांसमोर असतं. आम्ही दार लोटून, पोहे खाता खाता बोललो. त्या ताईंनी पुढे डबे बंद केले. त्यांचा नंबर अजून आहे माझ्याकडे. आज लावते.

शिलाईवाली, नंदनवन

काका, वही केली. सहा जणी हजर होत्या, दोघी नेमके शब्द सांगायला तयार आहेत.

रविवारी भावजयीला सोबत घेऊन त्या ताईंकडे गेले. आवाज चढवला नाही. म्हटलं, ब्लाउज ज्या पिशवीत दिला ती पिशवी काढा. कपाटातून काढली. तळाशी पुरचुंडी तशीच, गाठसुद्धा सोडलेली नव्हती. चिठ्ठीवर माझं अक्षर, "पैठणी, काठ ८ इंच". त्यांनी गाठ सोडली, काठ तळहातावर धरला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलं चिंध्या आहेत. सॉरी हो."

मी म्हटलं, ताई, सॉरी मला एकटीला नका म्हणू. जिथे बोललात तिथे हा काठ घेऊन चला. तर म्हणाल्या, "एवढं काय त्यात, सांगेन कधीतरी."

पुढची भिशी १० तारखेला आहे. मी त्या भिशीत नाही, तरी जाणार आहे. मोजमापाची वही सोबत नेईन. काठाचा फोटो काढला आहे, काठ मात्र त्यांच्याकडेच ठेवून आले. कापड त्यांचं आहे.