टीव्हीवरच्या सौंदर्यस्पर्धेला मुली नक्की कशा निवडतात? मामेबहिणीला 'सिलेक्ट झालीस' असा मेसेज आलाय

पावसाळी_दुपार

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी मामेबहीण, वय २१, बारामतीकडची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेली तीन वर्षं आमच्याकडे कर्वेनगरला राहते. उंची पाच फूट सहा, कॉलेजच्या फिरोदियाच्या (पुण्यातली आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धा) टीममध्ये होती, स्टेजची भीती अजिबात नाही. मंगळवारी तिला इन्स्टावर मेसेज आला की अभिनंदन, महाराष्ट्राच्या स्टेट फिनालेसाठी तुमची निवड झाली आहे, कार्यक्रम टीव्हीवर दाखवणार, सीट कन्फर्म करायला ४८ तासांत ३८ हजार अधिक जीएसटी भरा. आता हिने फॉर्म भरलेलाच नाही कुठे! पण तिकडे आजीने अख्ख्या आळीत सांगून झालंय आणि मामा एफडी मोडायला निघालाय, म्हणतो पोरीचं नशीब उघडलं.

मला तिचा हिरमोड करायचा नाहीये, खरंच तिच्यात काहीतरी आहे. पण हे सगळं चालतं कसं हे घरात कुणालाच माहीत नाही. हे लोक असे स्वतःहून मेसेज करतात का? पैसे घेतात का? आणि दहावीपर्यंत मराठी मीडियममध्ये शिकलेल्या मुलीला तिथे कोणी उभं करतं का? प्लीज कोणाला आतली माहिती असेल तर सांगा, उद्या रात्रीपर्यंतच मुदत आहे.

रॅम्पच्या_मागे

ताई, पहिलं काम म्हणजे मामांना फोन करा आणि एफडी मोडू देऊ नका. बाकी निवांत वाचा, मी जरा मोठं लिहिणार आहे कारण हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच आणि तोपर्यंत पैसे गेलेले असतात.

मी नऊ वर्षं या शोजच्या बॅकस्टेजला काम केलंय, आधी ड्रेसर होते, नंतर ऑडिशनचं कोऑर्डिनेशन बघायचे, पुणे, नाशिक, मुंबई सगळीकडे. स्वतःहून मेसेज करतात का, तर हो करतात. कॉलेजच्या फेस्टला माणसं येऊन बसतात, मॉडेल कोऑर्डिनेटर नावं सुचवतात, इन्स्टावर प्रोफाइल बघणारी मुलं तर रोज असतात. पण खरा माणूस काय म्हणतो, "फॉर्म भर, ऑडिशनला ये." बस. समोर उभं करून बघितल्याशिवाय कोणी कोणाला फायनलला घेत नाही, कारण मुलीचा फोटो आणि मुलगी यात किती फरक असतो हे आमच्याइतकं कोणाला माहीत नसेल.

आता सगळ्यात मोठी जी आहे, फेमिना मिस इंडिया, ती १९६४ पासून चालू आहे. २०१७ पासून तिथे प्रत्येक राज्यातून एक मुलगी घ्यायची पद्धत सुरू झाली, फायनलला ३० जणी. त्याच पहिल्या वर्षी मानुषी छिल्लर हरियाणाकडून आली आणि मिस इंडियाच काय, नोव्हेंबरात मिस वर्ल्डसुद्धा झाली. त्यानंतर 'राज्याची मुलगी' या प्रकाराला एकदम वजन आलं आणि गल्लोगल्ली स्टेट फिनाले निघाले. पण राज्य म्हणजे राहता पत्ताच लागतो असं नाही, मूळ कुठलं तेही धरतात. २०१९ ची विजेती सुमन राव नवी मुंबईत वाढलेली, आली राजस्थानकडून. २०२२ ची सिनी शेट्टी मुंबईत जन्मलेली, आली कर्नाटककडून.

फॉर्मला लागतं काय तर वय, उंची, आणि साधे फोटो, म्हणजे चेहरा जवळून, कमरेपर्यंत आणि पूर्ण उभा, फिल्टर नाही, डोळ्यांवर केस नाहीत, सोबत छोटा इंट्रो व्हिडिओ. २०२० च्या स्पर्धेच्या ऑडिशन कोरोनामुळे ऑनलाइनच झाल्या होत्या आणि त्यातून तेलंगणाची मानसा वाराणसी जिंकली. तेव्हापासून पहिली चाळणी मोबाईलवर होते हे मुलींनाही सवयीचं झालंय. ज्यांचा चाळणीत नंबर लागतो त्यांना प्रत्यक्ष बोलावतात आणि खरी परीक्षा तिथून पुढे.

ऑडिशनचा दिवस कसा असतो सांगते. सकाळी साडेसातपासून रांग, कमरेला नंबरचा स्टिकर, साधा काळा ड्रेस, मेकअप जवळजवळ नाही. पहिलं टेबल उंचीचं. चपला काढायच्या, टाचा भिंतीला टेकवायच्या आणि केस सोडायचे, कारण अंबाड्यात दीड इंच सहज लपतो. एकदा एक मुलगी कराडहून रात्रीची एसटी धरून आली होती, आईला घेऊन. त्या वेळी उंचीची अट पाच फूट पाच होती (मिस इंडियाने नंतर ती पाच तीन केली) आणि ही भरली पाच चार, वर थोडीशी. म्हणाली, ताई पुन्हा एकदा मोजता का, प्रवासात पाठ आखडलीये. मी पुन्हा मोजलं, तिने श्वास रोखून धरला होता, पट्टी तेवढीच दाखवत होती. तिची आई हातात डबा धरून दाराशी उभी होती, आत काय झालं ते तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. पण त्या मुलीकडून आम्ही एक रुपया घेतला नव्हता आणि कारण तिथल्या तिथे तोंडावर सांगितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग चालणं, वळणं, थांबणं. मग अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख, एखादा प्रश्न. एका मुलीला फार तर तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात बघतात काय, तर चालताना नजर खाली जाते का, प्रश्न नीट ऐकला का, उत्तर पाठ केलेलं आहे का (ते लगेच कळतं, डोळे वर जातात). टीव्हीचा कार्यक्रम असेल तर चॅनेलची माणसंही बसतात आणि त्यांचं गणित वेगळं असतं. समोर सुंदर दिसणारी मुलगी कडक लाइटखाली सपाट दिसते आणि साधी वाटणारी एकदम उठून दिसते, हे मी मॉनिटरवर कितीदा बघितलंय. शिवाय त्यांना घरची गोष्ट हवी असते, कुठून आली, घरचे काय करतात. मिस इंडिया २०२० ची रनर-अप मान्या सिंह, वडील रिक्षाचालक, ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण नुसत्या गोष्टीवर कोणी तिथवर पोचत नाही, ती मुलगी तेवढी तयार होती.

मराठी मीडियमचं विचारलंत, त्याची अजिबात लाज वाटू देऊ नका. आमच्याकडे मुली हिंदीत बोलल्यात, मराठीतही बोलल्यात. मोडकं इंग्लिश बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत ठाम बोललेलं परीक्षकांना जास्त भावतं हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आपली मधु सप्रे आठवा, १९९२ च्या मिस युनिव्हर्सला तिसरी आली. तिला विचारलं देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काय करशील, ती खेळाडू होती, मनापासून खेळांच्या सोयींबद्दल बोलली. त्या उत्तराने मुकुट गेला असं लोक आजही म्हणतात. मला विचाराल तर ते तिचं स्वतःचं उत्तर होतं, म्हणून तर तीस वर्षांनी आपण ते बोलतोय.

सातारारोड_९१

मी पैसे भरलेत म्हणून लिहिते. स्पर्धेचं नाव घेत नाही. मलाही असाच मेसेज आला होता, शब्दसुद्धा बरेचसे तेच, ४८ तास वगैरे. बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून ४५ हजार भरले. तीन दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये ग्रूमिंग, म्हणजे एक बाई आम्हा ६० जणींना एकत्रच चालायला लावायची, मला स्वतःला दोनदा चालायला मिळालं असेल. मग कळलं की प्रत्येकीने १५ तिकिटं विकायची, हजार रुपयाला एक, नाही विकली तर स्वतःच्या खिशातून. मी काकू, मामी, बाबांच्या ऑफिसातले, सगळ्यांच्या दारी गेले. शेवटच्या रात्री जवळजवळ प्रत्येकीला काही ना काही टायटल मिळालं, मिस स्माइल, मिस फोटोजेनिक, मिस हेअर. माझ्या सॅशवर (खांद्यावरून घालतात तो नावाचा पट्टा) आडनाव चुकीचं छापलं होतं. आणि टीव्हीचं म्हणाल तर बाबांनी बिल्डिंगमधल्या लोकांना घरी बोलावलं होतं बघायला, आईने पोहे केले होते, आणि कार्यक्रम लागलाच नाही. नंतर एक यूट्यूबची लिंक पाठवली त्यांनी. बाबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळचा त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. ताई, बहिणीला हे वाचायला द्या हवं तर.

आकडेमोड_पुणे३०

मी सीएच्या ऑफिसात आहे, कामाचं तेवढं सांगतो. ३८ हजारावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६,८४०, एकूण ४४,८४० मागतायत. जीएसटी घेतोय म्हणतो त्याच्याकडे १५ अक्षरी-आकडी नंबर असलाच पाहिजे, महाराष्ट्रात नोंदणी असेल तर तो २७ ने सुरू होतो. तो मागा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता फुकट तपासता येतो, कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द झालाय, सगळं दिसतं. नंबर न देता कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर टाका म्हणाले तर विषय तिथेच संपला. पैसे गेलेच असतील कुणाचे तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

पण एक, फी घेतली म्हणजे फसवणूकच असंही नाही. मिस युनिव्हर्स इंडियाचं काम २०२४ पासून वेगळ्या संस्थेकडे गेलंय, तिथे राज्याराज्यांतून स्पर्धा होऊन मुली पुढे जातात, २०२४ ची विजेती रिया सिंघा गुजरातची. राज्य पातळीवरच्या आयोजकांचे खर्च असतात, नोंदणी शुल्क असू शकतं. फरक एवढाच बघा की पैसे निवडीच्या आधी कशासाठी मागतायत आणि पावती देतायत का. आणि करार! माझ्याकडे एका ओळखीच्या मुलीचा आला होता वाचायला, त्यात टायटल मिळो न मिळो वर्षभर दुसरीकडे काम करायचं नाही, केलं तर कमाईचा वाटा द्यायचा आणि मधेच सोडलं तर दंड. सही करायच्या आधी कुणातरी वकिलाला दाखवा, हजार दोन हजार गेले तरी चालतील.

डेक्कन_ते_दादर

सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१९ ला मिस इंडियाच्या ३० फायनलिस्टच्या फोटोंचं एक पान फिरत होतं आठवतंय का, तीसच्या तीस जणींचा रंग एक, केस एक. तीस राज्यं म्हणता आणि चेहरा एकच? माझी मुलगी सावळी आहे, पंधराची आहे, तिने तो फोटो बघून मला विचारलं की आपल्यातली कुठली? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या बहिणीला जायचंय तर जाऊ दे, पण ती नाही निवडली गेली तर तिच्यात काही कमी नव्हतं हे तिला आधी सांगून ठेवा.

रॅम्पच्या_मागे

@डेक्कन_ते_दादर, तुम्ही म्हणताय ते खरं आहे आणि मी त्याची साक्षीदार आहे. 'लाइटमध्ये डल दिसते' असं म्हणून बाजूला काढलेल्या मुली मी बघितल्यात आणि तेव्हा मी गप्प बसले, नोकरी होती. लाइट बदलता येतो, मेकअपची शेड बदलता येते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुमच्या लेकीला माझ्याकडून सांगा की चूक त्या टेबलामागच्या लोकांची होती. त्यात मीही होते.

पावसाळी_दुपार

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बहिणीने स्वतःच त्यांना जीएसटी नंबर आणि ऑडिशनची तारीख विचारली. आधी म्हणाले ऑफिसला विचारून सांगतो, मग म्हणाले तुझी सीट दुसऱ्या मुलीला दिली, आणि तासाभरात ब्लॉक केलं. रात्रभर रडली, जेवली नाही. @सातारारोड_९१ तुमचं लिहिलेलं तिने तीन वेळा वाचलं, म्हणाली माझ्या बाबांच्या बाबतीत हे झालं असतं तर मला सहन झालं नसतं. मामा फोनवर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला पैसे राहू देत तसेच, तिला खऱ्या ठिकाणी जायचं असेल तेव्हा लागतील.

आणि आज सकाळी तीच म्हणतेय की पुढचे फॉर्म निघतील तेव्हा भरायचा, आणि महाराष्ट्र टाइम्सची श्रावणक्वीन स्पर्धा असते ना, पूजा सावंत जिंकली होती बघा, तिथेही जायचंय. तर आता @रॅम्पच्या_मागे ताई, फोटो स्टुडिओत काढायचे का? आणि ती आयुष्यात कधी हिल्स घालून चाललेली नाही, सरावाला कुठल्या घ्यायच्या?

रॅम्पच्या_मागे

स्टुडिओ नको. सकाळी आठच्या सुमाराला गच्चीवर, मागे रंग दिलेली साधी भिंत, ऊन थेट तोंडावर नको, तुमच्याच मोबाईलने काढा. केस मागे बांधून एक सेट, सोडून एक सेट. हिल्स चार इंची, घोट्याला पट्टा असलेल्या, महागातल्या घेऊ नका, कॅम्पात फिरलात तर मिळतील, फक्त संध्याकाळी जा कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर येतं. पहिले पंधरा दिवस घरातल्या फरशीवर रोज वीस मिनिटं, टाच आधी टेकवायची. टाचांना आधीच चिकटपट्टी लावायला सांगा, फोड आल्यावर लावून उपयोग नाही.