'टॉप ऑफ द की' मधली 'की' कुठली?

प्रश्न : एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या) सामन्यांचं इंग्रजी वर्णन ऐकताना 'टॉप ऑफ द की' सतत कानावर पडतं. बास्केटखालची रंगवलेली जागा तर चांगली रुंद आयताकृती दिसते. मग ही 'की' कुठून आली? मराठीत काय म्हणावं?

उत्तर : ही 'की' (म्हणजे किल्ली) आकारावरून आली. १९५१ पर्यंत एनबीएत बास्केटपुढचा पट्टा जेमतेम ६ फूट रुंद होता आणि त्याच्या टोकाला फ्री थ्रोचं (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचं) १२ फूट व्यासाचं वर्तुळ. खाली अरुंद, वर गोल, म्हणजे थेट जुन्या कुलपाचं किल्लीचं भोक. मिनिआपोलिस लेकर्स संघाचा उंचापुरा जॉर्ज मायकन बास्केटजवळ ठाण मांडून गुण घ्यायचा, म्हणून पट्टा १२ फुटांचा केला. पुढे तशाच उंच विल्ट चेंबरलेनच्या काळात, १९६४ मध्ये, तो १६ फुटांचा झाला. आकार गेला, नाव राहिलं. 'टॉप' म्हणजे त्या वर्तुळाची बास्केटपासून सर्वांत लांबची कमान.

नाव टिकण्यात रेडिओचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. श्रोत्याला मैदान दिसत नाही, त्यामुळे चेंडू नेमका कुठे आहे हे क्षणोक्षणी सांगावं लागतं आणि त्यासाठी प्रत्येक जागेला आखूड, ठरलेलं नाव लागतं. न्यूयॉर्क निक्सचे सामने रेडिओवर सांगणाऱ्या मार्टी ग्लिकमन यांनी ही रीत घट्ट रुजवली. (१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रिले संघातून ऐनवेळी वगळलेले धावपटू ते हेच.) कडीला न शिवता चेंडू जाळीतून गेला की ते 'स्विश' म्हणत. जाळीचा आवाजच तो!

प्रश्न : 'स्लॅम डंक' (उडी मारून चेंडू कडीत जोरात कोंबणं), 'एअर बॉल' (कडीला नि फळीला कुठेच न लागणारी फेक) हे शब्दही ग्लिकमन यांचेच का?

उत्तर : नाही, त्यांचं श्रेय लेकर्सचे सामने सांगणाऱ्या चिक हर्न यांना दिलं जातं. 'डंक' आधीपासून होता, 'स्लॅम' त्यांनी जोडला असं मानतात. नोव्हेंबर १९६५ ते डिसेंबर २००१ या काळात त्यांनी एकही खाडा न करता सलग ३,३३८ सामने सांगितले. बरीच वर्षं त्यांचं एकच वर्णन रेडिओ आणि टीव्ही दोन्हींवर जायचं. त्यामुळे टीव्हीवाल्यांना शब्द आणि दृश्य एकाच वेळी मिळे, नि शब्द पक्का होई.

प्रतिसाद : आता मराठीत काय म्हणावं याबद्दल. सामन्याच्या वर्णनाला सरसकट 'समालोचन' म्हणतात, ते मला खटकतं. चेंडूमागून धावणारं ते 'धावतं वर्णन'. त्यावरचं भाष्य म्हणजे समालोचन. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत ऐटीत करून दाखवलं, तेव्हा वाट नवी नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र वेग अफाट. १९५४ पासून एनबीएत २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे फेक करावी लागते. तिथे 'टॉप ऑफ द की'ला 'प्रतिबंधित क्षेत्राचा अग्रभाग' म्हणेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला पोचेल! 'की' तशीच ठेवा, आणि 'टॉप'ला 'माथा' म्हणा. आपली खरी श्रीमंती आवाजाच्या शब्दांत आहे : स्विशला 'सर्रकन', स्लॅम डंकला 'धाडकन', बोटांवरून हलकेच सोडलेल्या फिंगर रोलला 'अलगद'.

प्रश्न : एखादं वाक्य करून दाखवाल का?

प्रतिसाद : 'चेंडू कीच्या माथ्यावर, डावीकडे पास, परत माथ्यावर, पाच सेकंद उरलेत, उडी, फेक... सर्रकन जाळीत!'