आपटे सरांचं कोडं आणि उद्याची खिचडी

(सोसायटीचा ग्रुप, आषाढीच्या आदल्या दिवशी)

आपटे सर, सी-203: सुप्रभात. कालच्या कोड्याचं उत्तर आधी. 'भारतीय सिनेमाची पहिली नायिका आधी काय करायची?' उत्तर: स्वयंपाक. फाळक्यांना 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीतले आचारी अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. याच अण्णांनी 1917 च्या 'लंकादहन'मध्ये राम पण केला आणि सीता पण.

बी-101 नेहा: दोन्ही?? म्हणजे स्वतःच स्वतःच्या विरहात?

ए-302 पेठे काका: फाळके त्र्यंबकेश्वरचे. नाशिककरांनी नोंद घ्यावी.

आपटे सर, सी-203: आजचं कोडं, प्रसंगाला धरून. उद्या घरोघरी साबुदाण्याची खिचडी होणार. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, जिरं, तूप, मीठ, साखर, लिंबू, वरून ओलं खोबरं. यातलं ज्ञानेश्वर माउलींच्या काळात इथल्या स्वयंपाकघरात काय नव्हतं?

ए-302 पेठे काका: सोपं आहे. सगळं होतं. उपास आपला, पदार्थ आपले.

सी-404 मानसी: बटाटा नव्हता. एवढं शाळेत शिकलोय.

बी-202 सावंत वहिनी: साखर? तेव्हा गूळच असेल ना

सेक्रेटरी: कृपया लक्ष द्या. उद्या टाकी साफ होणार. पाणी सकाळी 11 ते 3 बंद.

बी-202 सावंत वहिनी: आषाढीलाच????

सेक्रेटरी: टाकीवाला उद्याच रिकामा आहे.

आपटे सर, सी-203: मानसी, एक बरोबर. अजून तीन राहिले. साखर होती वहिनी. उसाच्या रसाची खडीदार साखर करायची कला भारतातच निघाली, 'शर्करा'वरूनच जगभरचे शब्द आले.

बी-101 नेहा: मिरची?

आपटे सर, सी-203: शाब्बास. मिरची मूळ अमेरिकेची. कोलंबस तिकडे पोचला 1492 साली, माउलींनी समाधी घेतली 1296 ला. मधे दोनशे वर्षं. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. 'मिरची' हे नावही मिरीवरूनच पडलं. नवी सून आली, तिला जुन्या सुनेचंच नाव ठेवलं.

ए-302 पेठे काका: मग कोल्हापूरचा तांबडा रस्सा?

आपटे सर, सी-203: काका, तेव्हा तांबडा नव्हता.

सी-404 मानसी: 😂😂

बी-303 कदम: *'युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत घोषित केलं, अभिमानाने पुढे पाठवा'* (फॉरवर्ड)

आपटे सर, सी-203: कदम साहेब, युनेस्को असले नंबर लावत नाही. हा मेसेज दर सहा महिन्यांनी उगवतो. राष्ट्रगीत सुंदर आहे, त्याला सर्टिफिकेट कशाला?

बी-303 कदम: *हा संदेश हटवला आहे*

बी-202 सावंत वहिनी: शेंगदाणे सर?

आपटे सर, सी-203: बरोबर. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. आणि चौथा पदार्थ खुद्द साबुदाणा.

ए-302 पेठे काका: आता हद्द झाली.

ए-101 लक्ष्मी वहिनी: काका, इथे मी बोलू का? माझं माहेर सेलमचं, तमिळनाडू. तुमच्या उपासाचा बराचसा साबुदाणा आमच्याकडूनच येतो 🙂 तो झाडावर लागत नाही. टॅपिओकाचं कंद असतं जमिनीत, हातभर लांब. ते सोलून, धुऊन, वाटतात. दुधासारखं पाणी गाळून हौदात ठेवलं की सत्त्व खाली बसतं. ते ओलं पीठ फोडून कापडाच्या झोळीत घालून हलवत राहायचं, आपोआप गोळ्या होतात. मग तव्यावर तेलाचा हात लावून भाजायच्या आणि उन्हात वाळवायच्या. लहानपणी उन्हाळ्यात गच्च्या, पटांगणं सगळं पांढरं दिसायचं.

आपटे सर, सी-203: वहिनी, हे कुठल्या पुस्तकात इतकं छान नाही मिळत. भर घालतो: हे कंद मूळ दक्षिण अमेरिकेचं. खरा जुना साबुदाणा पूर्वेकडच्या बेटांवरच्या सागो नावाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून निघायचा, 'सागू' हा मलय शब्द. दुसऱ्या महायुद्धात तिकडची आवक थांबली, तेव्हा सेलमच्या लोकांनी टॅपिओकापासून तसेच दाणे करायला घेतले. म्हणजे आपण खातो तो साबुदाणा आमच्या वडिलांपेक्षा लहान.

ए-101 लक्ष्मी वहिनी: आणि एक सांगू? तमिळमध्ये त्याला 'जव्वरिसी' म्हणतात. अरिसी म्हणजे तांदूळ.

बी-101 नेहा: म्हणजे उपासाला आपण सगळे तांदूळच 😭

ए-302 पेठे काका: वहिनी, हे आमच्या हिला सांगू नका. ती अठ्ठेचाळीस वर्षं धरतेय.

सी-404 मानसी: सर, पण कोथिंबीर? आमच्याकडे चालत नाही, सासूबाई पानात दिसली तरी उठवतात. माहेरी चालते.

बी-202 सावंत वहिनी: आमच्याकडे चालते. हळद, मोहरी, हिंग नाही चालत.

आपटे सर, सी-203: ही तर खरी गंमत. हळद इथली, हजारो वर्षांची, ती चालत नाही. मिरची परवाची, ती चालते. माझा आपला अंदाज असा, की काय वर्ज्य ते ठरलं तेव्हा अमेरिकेचे पदार्थ कुणी पाहिलेच नव्हते. धान्य नको म्हणून बसले, तेवढ्यात मागच्या दाराने बटाटा आला. त्याला कुणी हटकलं नाही. पुरीच्या जगन्नाथाकडे मात्र हटकतात. तिथल्या महाप्रसादाला आजही बटाटा, टोमॅटो, मिरची वापरत नाहीत, तिखटाला मिरीच.

बी-101 नेहा: रताळं तरी आपलं आहे का हो?

आपटे सर, सी-203: तेही अमेरिकेचं. वर एक घोळ आहे. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज 'बटाटा'वरून, आणि पोर्तुगीजांनी तो घेतला कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून. त्यांच्या भाषेत बटाटा म्हणजे रताळं! त्यामुळे पोर्तुगीजांना आता रताळ्याला 'गोड बटाटा' म्हणावं लागतं.

सी-404 मानसी: म्हणजे मी उद्या 'बटाट्याचा कीस' करते म्हणून रताळं किसलं तर चालेल 😄

ए-302 पेठे काका: हे बघा आपटे. सकाळपासून ऐकतोय. घरातलं पिंप रिकामं, बालदी घेऊन खाली उतरलो तर चावी आत राहिली, वॉचमन जागेवर नाही. त्याला पगार कशाचा देतो आपण? आणि इथे तुमचं पोर्तुगीज पोर्तुगीज चाललंय!

आपटे सर, सी-203: काका, रागावू नका, पण पिंप म्हणजे त्यांचं 'पिपा', बालदी 'बाल्द', चावी 'शाव', आणि पगार तर जसाच्या तसा 'पगार', पैसे देणे. तुमच्या एका मेसेजमध्ये चार.

बी-303 कदम: 😂😂😂 हा पुढे पाठवू का?

ए-302 पेठे काका: नको.

(तासाभराने)

ए-302 पेठे काका: चावी मिळाली. खिशातच होती. आपटे, मग उपासाचं आपलं काय उरलं ते तरी सांगा. राजगिरा?

आपटे सर, सी-203: राजगिरा नको विचारू काका.

ए-302 पेठे काका: सांगा.

आपटे सर, सी-203: मेक्सिको. तिकडचे अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाची देवाची मूर्ती करायचे आणि पूजेनंतर तुकडे करून प्रसाद म्हणून खायचे. स्पॅनिश आले तेव्हा त्यांनी या पूजा मोडून काढल्या. पण लाडू टिकला. तिकडे आजही राजगिऱ्याची गोड वडी मिळते, नाव 'आलेग्रीया', म्हणजे आनंद. आपल्या चिक्कीशेजारी ठेवली तर ओळखता येणार नाही. मला यातलं हे सगळ्यात आवडतं. दोन टोकांचे लोक, एकमेकांची ओळख नाही, आणि दोघांनाही हे धान्य देवापुढेच ठेवावंसं वाटलं.

बी-202 सावंत वहिनी: हे छान आहे हो सर. मला काटाच आला.

आपटे सर, सी-203: आणि काका, तुमचं उरलं ते: वरी, शिंगाडा, केळं, दूध, तूप. वरीचे तांदूळ आणि वर साजूक तूप, माउलींनाही ओळखीचं वाटलं असतं. फक्त दाण्याच्या आमटीशिवाय.

ए-302 पेठे काका: आमटीशिवाय भगर? तेवढा मी वारकरी नाही.

सी-404 मानसी: एकादशी, दुप्पट खाशी 🙏

बी-101 नेहा: सर, ऋषिपंचमीची भाजी तरी? ती तर ऋषींची.

आपटे सर, सी-203: तुमच्या घरी त्यात मक्याचं कणीस आणि लाल भोपळा घालतात का?

बी-101 नेहा: हो

आपटे सर, सी-203: मग ऋषी जरा लांबचे आहेत.

ए-101 लक्ष्मी वहिनी: उद्या मी सगळ्यांसाठी जव्वरिसी पायसम करते. गूळ, नारळाचं दूध, वेलची. डबा आणून ठेवा खाली.

ए-302 पेठे काका: चालेल ना उपासाला?

ए-101 लक्ष्मी वहिनी: काका, तांदूळ नाही हो तो 😄

सेक्रेटरी: पुन्हा आठवण. उद्या 11 ते 3 पाणी बंद. साबुदाणा आज रात्रीच भिजत घालावा.

बी-202 सावंत वहिनी: आणि दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी ठेवा. मागच्या वेळी कुणाच्या तरी खिचडीचा लगदा झाला होता, नाव घेत नाही.

सी-404 मानसी: कळलं वहिनी.